बोटीचं चरित्र आणि माझ्या पाच ओळी

रविवार, १८ डिसेंबर १९४९. विश्रामबाग, सांगली. वेळ सकाळी दहाची, सुरुवात पावणेअकराला. कै. केशवराव सोमण यांच्या शोकसभेला हजर: त्यांचे चिरंजीव आणि सूनबाई, शेजारचे निवृत्त हेडमास्तर (अध्यक्ष), साताऱ्याच्या आमच्या कचेरीतले नवे हेडक्लार्क, बाबू शिपाई, मी, आणि शेजारपाजारचे अकरा गृहस्थ. त्यांपैकी तिघे सभा संपण्यापूर्वी उठले. गैरहजर: मेढ्याकडची सोनाबाई शेलार. तिला कोणी कळवलं नव्हतं.

हेडमास्तर पाऊण तास बोलले. केशवराव म्हणजे नौदलाचा चालताबोलता कोश, असं ते तीनदा म्हणाले. समुद्रापासून इतक्या दूर राहून समुद्रावर इतकं प्रेम करणारा माणूस त्यांनी दुसरा पाहिला नव्हता. टाळ्या वाजवायच्या की नाहीत हे कोणाला कळेना, म्हणून दोघांनी वाजवल्या. शेवटी नव्या हेडक्लार्कांनी मला चार शब्द बोलायला सांगितलं. घसा बसला आहे, असं सांगून मी सुटलो. घसा ठणठणीत होता. जे बोलायचं होतं ते त्या ओसरीवर, त्यांच्या सुनेसमोर, बोलण्यासारखं नव्हतं. ते इथे लिहितो.

आमची कचेरी फौजेत आणि आरमारात गेलेल्यांच्या घरच्यांसाठी. कोणाचं पत्र येत नाही, कोणाचा पत्ता बदलला, कोणी जखमी झाला, कोणी गेला, हे विचारायला माणसं येतात. आम्ही वर लिहायचं, उत्तर आलं की त्यांना वाचून दाखवायचं. काम एवढंच. माझ्याकडे आवक-जावक. आलेला कागद कधी आला आणि गेलेला कधी गेला, हे मी लिहून ठेवतो. आणि केशवराव आमचे हेडक्लार्क. त्यांची आद्याक्षरं पडल्याशिवाय कचेरीतून कागदाचा कपटाही बाहेर जात नसे.

ते सडपातळ, गोरे आणि कमालीचे टापटिपीचे. कोट घडीचा, टोपी इस्त्रीची, टेबलाच्या खणाची किल्ली जानव्याला. पाण्याचा तांब्या घरून यायचा. दौती तीन: निळी, तांबडी, हिरवी. कचेरीच्या कामाला त्यांतली एकही नव्हती. कचेरीचं काम ते माझ्या दौतीतून करत. तीन दौती होत्या बोटीसाठी.

बोट म्हणजे एक लढाऊ बोट, विनाशिका. महायुद्धात ती इंग्रजांकडून लढली, आणि यंदा इंग्रजांनी ती आपल्या आरमाराला दिली. अशा काही बोटी आल्या, पण केशवरावांनी या एकीवरच जीव टाकला. का, ते शेवटपर्यंत कळलं नाही. वर्तमानपत्रातलं तिचं चित्र बाकीच्यांपेक्षा ठसठशीत छापलं गेलं होतं, एवढंच कारण मला सुचतं. त्यांनी तिचं चरित्र लिहायला घेतलं. इंग्रजांकडची हकिकत निळ्या शाईत, लढायांची तांबड्या, आणि आपल्याकडे आल्यानंतरची हिरव्या. कोणत्या तांड्याबरोबर गेली, कुठे तोफ डागली, कोणत्या गोदीत दुरुस्त झाली, कधी रंग दिला. बोटीचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांनी ते पुरेसं लिहिलेलं आहे.

"माहेरून सासरी आलीय हो ती," असं ते बोटीबद्दल म्हणत, डोळ्यांत पाणी आणून. "नाव बदललं, घर बदललं. आता तिला सांभाळणं आपल्या हाती."

सांभाळणार कोण, तर ज्यांनी कृष्णा ओलांडताना नावेत माझा खांदा इतका घट्ट धरला होता की दोन दिवस वळ राहिला.

बोट इंग्लंडातून आणायला आपले खलाशी तिकडे गेले होते. त्यांत मेढ्याच्या वरच्या अंगाच्या एका वाडीचा मारुती शेलार होता. त्या भागातून बरीच पोरं फौजेत जातात, हा आरमारात गेला. बाप नाही, आई सोनाबाई, चुलता रामभाऊ. रामभाऊ स्वतः फौजेतून आलेला, मिशा अजून पलटणीच्या. भर पावसात, श्रावण निम्मा सरल्यावर, ही दोघं मोटारीनं साताऱ्याला आली. सोनाबाईच्या ओच्यात दोन कागद होते, तेलकट फडक्यात बांधलेले.

पहिला कागद आपल्या आरमाराचा. खलाशी मारुती शेलार समुद्रात बुडून मरण पावला, प्रेत मिळालं नाही, आणि तारीख. ती तारीख पंचांगात श्रावण शुद्ध तृतीयेला पडत होती. दुसरा कागद बोटीच्या इंग्रज कप्तानाचा, हातानं लिहिलेला. तुमचा मुलगा मेहनती होता, सर्वांचा लाडका होता, चाचणीच्या फेरीत लाटेनं त्याला डेकवरून नेलं, आम्ही फार शोधलं. पत्र चांगलं होतं. कधी नेलं, ते मात्र त्यात नव्हतं. फक्त पत्र लिहिल्याची तारीख वर होती, आणि ती होती आषाढ वद्य दशमीची.

मी दोन्ही तारखा शेजारी शेजारी लिहिल्या आणि पुन्हा पाहिलं. मरणाच्या आठ दिवस आधी दुखवटा.

सोनाबाईला वाचता येत नव्हतं, पण फौजेत राहिलेल्या रामभाऊला इंग्रजी तारखांपुरतं येत होतं. म्हणूनच ती आली होती.

"भाऊ," ती मला म्हणाली, "म्हंजी माझा मारुती मरायच्या आधी आठ दिस मेला व्हता?"

"कागदाची चूक असणार, बाई."

"मग तो गेला कवा? वरीस भरंल तवा पान कंच्या तिथीला वाढू? म्हाळ कंच्या दिशी घालू? दीर पिंड द्याया तयार हाय. दिस तेवढा सांगा."

तिला दुसरं काही नको होतं. एक दिवस हवा होता. मी सांगितलं, कळेल, आणि तिला केशवरावांच्या टेबलाशी नेलं.

बोटीचं नाव ऐकताच केशवराव उभे राहिले. एखाद्या खलाशाच्या आईला पाहून ते उभे राहिले असं मला वाटलं, आणि क्षणभर त्यांच्याबद्दल आदरही वाटला. त्यांनी तिला स्वतःची खुर्ची दिली. बाबूला चहा आणायला पाठवलं. मग खण उघडला, चरित्र काढलं आणि वाचायला सुरुवात केली.

दोन तास. ती बोट कुठे बांधली, तिचा नांगर कुठे पहिल्यांदा पडला, बर्फाच्या समुद्रात ती कशी गेली, तिच्या तोफा किती दूर जातात. निळी पानं, तांबडी पानं. सोनाबाई पदर डोक्यावर नीट घेऊन ऐकत होती. तिला वाटत होतं, हे सगळं त्या एका दिवसाकडे चाललं आहे. रामभाऊला ते वाटत नव्हतं. त्यानं हवालदार पाहिले होते. तो दाराशी उभा राहून मिशी चावत होता.

हिरव्या पानावर येऊन केशवराव थांबले आणि चष्मा उपरण्यानं पुसू लागले.

"रावसाब," सोनाबाई म्हणाली, "बोटीचा जलम सांगितला, लगीन सांगितलं. माझ्या पोराचं मरण तेवढं ऱ्हायलं."

बाबू चहाची कपबशी घेऊन दारातच थबकला. केशवराव मात्र रागावले नाहीत. त्यांनी समजुतीनं मान हलवली.

"बाई, आधी बोट समजली पाहिजे. बोट समजल्याशिवाय खलाशी समजत नाही." हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. मग ते माझ्याकडे वळले, आणि त्यांचा चेहरा खुलला होता. "पाहिलंत? प्रश्न मोठा नामी आहे. आपल्या आरमारानं दिलेली तारीख ही बोट ताब्यात आल्याची तारीख आहे. त्याआधी बोट आपली नव्हती. म्हणजे माणूस आपला, बोट त्यांची. आता मरण कोणाच्या वहीत धरायचं?"

"ते वरचे ठरवतील," मी म्हणालो. "आपण त्या दिवसाचं पान मागू या. बोटीवर रोजची वही लिहितात ना?"

"लॉगबुक. हो, पण ते आता आपल्याकडे की त्यांच्याकडे? हाच तर खरा पेच आहे."

तेव्हा दाराशी उभा असलेला रामभाऊ बोलला. "आवं सायेब, त्यात पेच कसला? बैल इकला तर दावं कुनी देतंय व्हय? घेनारा आपलं दावं घिऊन येतो. जुनं दावं जुन्या धन्याच्या घरी ऱ्हातं. बोट दिली आसंल, वही इंग्रजाच्या घरातच हाय. तिकडं लिवा."

आमच्याकडे ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे. बाजारात जनावर विकलं तरी दावं सोडून परत आणतात. मला उत्तर मिळालं. इतकी वर्षं कचेरीत घालवूनही मला ते असं एका दमात सांगता आलं नसतं.

केशवराव हसले. "अहो शेलार, बोट म्हणजे बैल नव्हे."

"न्हाई सायेब," रामभाऊ म्हणाला. "बैल बुडताना वरडतो तरी."

मी त्याच दुपारी मसुदा केला. पाच ओळी. खलाशाचं नाव, नंबर, दोन कागदांतल्या तारखांचा फरक, बोट ताब्यात येण्यापूर्वीच्या लॉगबुकातून त्याच्या मरणाचा दिवस आणि वेळ कळवावी ही विनंती, आणि कारण: आईला धार्मिक कृत्यासाठी हवी आहे. पत्र आपल्या आरमारामार्फत इंग्रजांकडे जायचं. केशवरावांच्या टेबलावर ठेवलं. सोनाबाई निघताना विचारू लागली, "पत्र गेलं का?" मी म्हणालो, "गेलंच समजा."

हे शब्द मी वापरले. "गेलंच समजा."

संध्याकाळी मसुदा माझ्याकडे परत आला. आद्याक्षरं नव्हती. कडेला निळ्या शाईत लिहिलं होतं: नौकेचा पूर्वेतिहास त्रोटक. बांधणीच्या वेळचा क्रमांक, पूर्वीचं नाव, बदललेलं नाव, हस्तांतराचा प्रकार, हे सर्व हवे. मी ते घातलं. आठ ओळी झाल्या. पुन्हा परत: ज्या गोदीत ताबा दिला तिचा उल्लेख नाही. तोही घातला. मग मसुदा परत आलाच नाही. तो त्यांच्या खणात गेला. "माझ्याकडून दोन शब्द घालतो," असं ते म्हणाले.

मी दर सोमवारी विचारत असे. दर सोमवारी ते म्हणत, "मुद्दा पक्का होऊ द्या हो. अर्धवट पत्र गेलं तर इंग्रज आपल्याला हसेल."

दरम्यान ते एका जोशीबुवांना भेटून आले. बोट जिथे होती तिथला सूर्योदय धरायचा की साताऱ्याचा, यावर त्यांनी सहा पानांचं टिपण केलं. दिवसच ठाऊक नव्हता, आणि हे त्याचा सूर्योदय ठरवत होते! मी तसं म्हणालो. ते म्हणाले, "म्हणूनच आधी तत्त्व ठरवायचं."

गणपतीच्या आधी सोनाबाई पुन्हा आली. एकटीच, डोक्यावर वरईचं गाठोडं, कचेरीला भेट म्हणून. केशवरावांनी पुन्हा खुर्ची दिली, पुन्हा चहा मागवला आणि सांगितलं, तिथी माहीत नसेल तर शास्त्रानं सोय केलेली आहे, सर्वपित्री अमावास्या.

ती खुर्चीवरून उठली. "रावसाब, सर्वपित्री ज्यांचं कुनी न्हाई त्यास्नी. माझ्या पोराला आई हाय."

गाठोडं ठेवून ती गेली. केशवरावांनी वरई घेतली नाही, बाबूला दिली. अशा बाबतीत ते फार काटेकोर. बाबू म्हणाला, "सायेब, ह्याची चव न्हाई लागायची." पण घेऊन गेला, घरी चार पोरं होती.

आता महाबळेश्वरची हकिकत, कारण ती सांगितल्याशिवाय माझा राग कोणाला समजणार नाही.

पावसाळा सरल्यावर वर्तमानपत्रात आलं की बोट मुंबईच्या वाटेवर आहे. केशवरावांनी हिशेब केला की अमुक दिवशी ती आपल्या किनाऱ्यासमोरून जाईल. महाबळेश्वरच्या एका कड्यावरून निरभ्र संध्याकाळी समुद्राची रेघ दिसते म्हणतात. रजा काढून ते निघाले, मला आणि बाबूला बरोबर घेऊन. एका हॉटेलवाल्याकडून दुर्बीण आणली होती. तीन तास आम्ही कड्यावर उभे होतो. खाली दरी, दरीत धुकं, धुक्याच्या वर आणखी धुकं. थंडीनं बाबूचे दात वाजत होते. केशवरावांची दुर्बीण एकदाही खाली आली नाही.

"ती!" ते एकाएकी म्हणाले. "ती पाहा. उत्तरेकडे तोंड."

मी पाहिलं. बाबूनं पाहिलं. सगळीकडे सारखंच पांढरं.

परत आल्यावर त्यांनी हिरव्या शाईत लिहिलं: आज महाबळेश्वराहून नौकेचे दर्शन झाले. खाली साक्षीदार म्हणून बाबूची सही मागितली.

"सायेब, मला धुकं दिसलं," बाबू म्हणाला. "धुक्याची सही करू का?"

"तुझी नजर अधू आहे," केशवराव म्हणाले, आणि साक्षीदाराची ओळ खोडली. दर्शनाची ठेवली.

म्हणजे न पाहिलेली बोट त्या वहीत पाहिली म्हणून चढली, तीही त्याच दिवशी, विनाविलंब. आणि खरोखर बुडालेल्या माणसाचा दिवस विचारणाऱ्या पत्रात एका गोदीचं नाव कमी पडलं म्हणून ते खणात. यापुढे कोणी मला त्यांच्या काटेकोरपणाचं कौतुक सांगू नये.

आणि तरी माणूस वाईट नव्हता. लिहिताना हेच जड जातं. वाईट माणसाशी भांडता येतं, त्याच्यावर वर तक्रार करता येते. हे रोज माझ्या मुलीच्या खोकल्याची चौकशी करत. सोनाबाईशी एकदाही आवाज चढवला नाही. तिच्यासाठी आपण फार मोठं काम करतो आहोत, असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्या समाधानी चेहऱ्यासमोर मी दिवाळीपर्यंत सोमवार मोजले. जावक वहीत तो मसुदा चढला नाही, हे मला रोज दिसत होतं. दुसरी प्रत करून त्यांच्या वरच्या साहेबांकडे जाणं अशक्य नव्हतं. कचेरीची रीत नव्हती, म्हणून मी गेलो नाही. रीतीबद्दल दुसऱ्याला हसायला मी सोकावलो आहे, एवढं नोंदवून ठेवतो.

दिवाळीनंतर ते निवृत्त झाले आणि सांगलीला, विश्रामबागेत मुलाकडे राहायला गेले. निरोपाच्या दिवशी खण रिकामा केला आणि मसुदा चरित्राबरोबर घेऊन गेले. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. नवे हेडक्लार्क रुजू झाले, त्यांनी बाकी कागद मागितले. मी म्हणालो, एक कागद आणायचा आहे, आणि सांगलीला गेलो. नवा मसुदा करायला मला अर्धा तास लागला असता. पण सोनाबाईचे दोन्ही मूळ कागदही त्यालाच टाचलेले होते.

तीच शेवटची भेट.

ओसरीवर ते पाटावर बसले होते, समोर उतरतं मेज. तब्येत उतरली होती, कोट खांद्यांवर सैल दिसत होता, पण दौती तीनही ओळीत. मला पाहून ते इतके हरखले की आत हाक मारून त्यांनी पोहे करायला सांगितले.

"बरं झालं आलात. तुमचं पत्र तयार आहे. कालच पुरं केलं."

त्यांनी ते माझ्या हाती दिलं. माझ्या पाच ओळींची साडेतीन पानं झाली होती. अक्षर असं की फ्रेम करून लावावं. बोटीचं पहिलं नाव, दुसरं नाव, गोदी, हस्तांतराचा कायदेशीर अर्थ, सूर्योदयाचं तत्त्व. कुठे खाडाखोड नाही. सोनाबाईचे दोन कागद मागे जपून टाचलेले. मी शेवटपर्यंत वाचलं. शेवटच्या परिच्छेदात "सदर नौकेवरील खलाशी" असे शब्द होते आणि त्यापुढे दोन बोटं कोरी जागा.

"हे राहिलंय," मी म्हणालो.

"हो, ते विचारायचंच होतं तुम्हाला." त्यांनी टाक निळ्या दौतीत बुडवला आणि कागदावर धरला. चेहरा उत्सुक होता, जराही ओशाळलेला नव्हता. "त्या पोराचं नाव काय हो?"

मी सांगितलं. त्यांनी ते सुंदर अक्षरात लिहिलं, टीपकागदानं टिपलं, आणि समाधानानं मला पोहे घ्यायला सांगितलं. मी घेतले नाहीत.

साताऱ्याला येऊन मी पुन्हा पाच ओळी लिहिल्या. नव्या हेडक्लार्कांनी त्या न वाचताच आद्याक्षरं केली, आणि पत्र गेलं. तीन आठवड्यांनी केशवराव गेल्याची तार आली, आणि वर सांगितलेली सभा झाली. केशवरावांच्या मुलानं सांगितलं की चरित्राची एक प्रत वाचनालयाला देणार आहेत. द्यावी.

इंग्रजांचं उत्तर अजून आलेलं नाही. वर्ष भरायला सात महिने आहेत, आणि उत्तर त्याच्या आत येईल असं मला वाटत नाही. गेल्या सोमवारी सोनाबाई पुन्हा येऊन गेली. आता ती वर येत नाही, पायरीवरच बसते. तिनं रामभाऊला सांगून ठेवलं आहे की साताऱ्याच्या भावानं श्रावणातच पत्र घातलं, चार महिने झाले, इंग्रजच लय निबर मनाचा. ती पायरीवर बसून इंग्रजाला शिव्या देत होती आणि मी वर उभा राहून ऐकत होतो.

मेढ्याची मोटार सकाळी आठला सुटते. तिच्या वाडीला जाऊन, पत्र श्रावणात गेलं नव्हतं हे तिला सांगायचं आहे. अजून गेलेलो नाही.